जिरणे आणि मुरणे



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने रसायनांवर बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु माझा विषय अखेर शब्दच आहे.

जिरणे आणि मुरणे ही दोन क्रियापदे आपण कित्येकदा एकाच अर्थाने वापरतो. तरी त्यांत भेद आहे. अन्न जिरते, म्हणजे त्याचे अन्नपण संपून त्याचे शरीर होते. लोणचे मुरते, म्हणजे मीठ फोडीत शिरते आणि तेथेच राहते. पांढुर्णा-सौंसरच्या काळ्या मातीत शेणखत जिरते. कपाशीवर आणि संत्र्याच्या बागांवर आपण जे 'औषध' फवारतो (विषाला औषध म्हणण्याची ही खोड आपल्या भाषेला कधी लागली कोण जाणे!), ते जिरते की मुरते?

उत्तर जीवाणूंच्या पचनशक्तीवर अवलंबून आहे. पालापाचोळा फोडणारी विकरे जीवाणूंपाशी आणि बुरशीपाशी कोट्यवधी वर्षांपासून आहेत. डीडीटी मात्र १८७४ साली प्रथम प्रयोगशाळेत तयार झाले. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या रेणूतील कार्बन-क्लोरीनचे बंध तोडणे जीवाणूंना जड जाते. शिवाय तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मातीच्या कणांना चिकटतो आणि प्राण्यांच्या चरबीत साठतो. जमिनीतील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास दोन ते पंधरा वर्षे लागतात. भारतात १९८९ मध्ये शेतीसाठी त्यावर बंदी आली. हिवतापाच्या मोहिमेत त्याचा वापर पुढेही चालू राहिला.

येथे 'विघटन' हा शब्द आपल्याला फसवतो. डीडीटी मोडते तेव्हा त्यातून डीडीई निर्माण होते, आणि ते अधिक चिवट असते. एंडोसल्फानपासून जमिनीत होणारे त्याचे सल्फेट मूळ द्रव्याइतकेच विषारी आणि त्याहून टिकाऊ आहे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. तेव्हा एखादे द्रव्य मोडते असे कोणी सांगितले, तर मोडून त्याचे काय होते, हे विचारल्यावाचून राहू नये.

माझ्या वयाच्या मंडळींना गॅमेक्सीनची पूड आठवत असेल. ज्या बीएचसीपासून ती होत असे, त्यावर १९९७ मध्ये बंदी आली. त्याच्या अनेक रूपांपैकी बीटा हे रूप सर्वांत हट्टी. तथापि ओडिशात भाताच्या मुळांभोवतीच्या मातीत बीएचसी पचवणारा एक जीवाणू संशोधकांना सापडला. माती शिकते, फक्त तिचा वेग आपल्या फवाऱ्याचा नसतो.

मग लवकर मोडणारे ते निरुपद्रवी, असे समजावे काय? मुळीच नाही. मोनोक्रोटोफॉस जमिनीत साधारण आठवड्याभरात निम्मे होते. परंतु २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, आणि तेथे वापरलेल्या कीटकनाशकांत तेही होते. मातीला जे आठवड्यात पचते, ते फवारणाऱ्याच्या देहाला तासाभरातही पेलत नाही.

प्रयोगशाळेतील 'सहज विघटनशील' ही पदवीही जपूनच घ्यावी. त्या कसोटीत जीवाणू मिसळलेल्या पाण्यात २८ दिवसांत साधारण ६० टक्के द्रव्य पचले की ते उत्तीर्ण ठरते. वैशाखात भेगा पडलेल्या आपल्या रानात ना ते पाणी, ना ते जीवाणू. ओल नसली की मातीची भूकही मंदावते.

विद्यार्थ्यांनी एक करावे. डब्याला हात न लावता त्यावरचा त्रिकोण वडिलांकडून दाखवून घ्यावा. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार रंग असतात. विष पोटात गेले किंवा अंगावर पडले तर तत्काळ किती घातक, एवढेच ते सांगतात. ते द्रव्य बांधावरच्या विहिरीजवळ किती दिवस राहील, याविषयी त्या चारही रंगांत एक अक्षर नाही.