खुर्चीतल्या आजोबांना विरजण

मिनिटं मोजकीच आहेत, म्हणून थेट विषयावर येते. डिमेन्शिया झालेलं माणूस रात्री आरडाओरडा करू लागलं, घराबाहेर निघून गेलं, की दुसऱ्या दिवशी घरचे त्याला दवाखान्यात घेऊन येतात. पण जे सकाळी खुर्चीत बसतं ते दुपारीही तिथंच असतं, त्याला कुणी आणत नाही. 'त्यांचा काही त्रास नाही हो,' म्हणतात. आणि मग हळूच, 'आळशी झालेत पण फार.'

तो आळस नाही! काम सुरू करून देणारी मेंदूच्या पुढच्या भागातली यंत्रणाच या आजारात दुबळी होते. हे नैराश्यही नव्हे बहुतेकदा. नैराश्यातलं माणूस खिन्न असतं, स्वतःला दोष देतं. इथे खिन्नताही नसते. म्हणून नैराश्याच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. अशा बसून राहण्यावर मिथाइलफेनिडेट या औषधाची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली, अल्झायमरच्या २०० रुग्णांवर, सहा महिन्यांची. फायदा दिसला, पण बेताचा. आणि ते आपल्या मनाने घ्यायचं औषध नाही.

मग करायचं काय? दही कसं लावता? दूध चांगलं आहे, भांडं स्वच्छ आहे, तरी आपोआप दही होत नाही. चमचाभर विरजण बाहेरून घालावं लागतं. आपण 'उत्साहावर विरजण पडलं' म्हणतो, पण मी बरोबर उलट सांगते आहे. 'बाबा, काही करता का?' असं विचारलंत की 'नको' हेच उत्तर येणार. विचारू नका. मटारच्या शेंगा परातीत घ्या, शेजारी बसा, दोन शेंगा तुम्ही सोला, तिसरी त्यांच्या हातात द्या. हात चालू लागतो. पोस्टात नोकरी झाली असेल तर पाकिटं लावायला द्या, भजनात रमणारे असतील तर टाळ द्या. ज्याचं जे होतं ते.

आता दूध कढत असेल तर विरजण वाया जातं, म्हणजे रागावून काही होत नाही. विरजण जास्त झालं तर दही आंबट; दिवसभर कार्यक्रम लावू नका, वीस मिनिटं पुरे. आणि रोज नव्यानं लावावं लागतं, काल लावलं होतं म्हणून आज चालत नाही. सूनबाई, मुलगा, दोघंही ऐका: तो आळस नाही. पुन्हा सांगते, आळस नाही.

ऐकू कमी येणं, थायरॉइड, झोपेच्या गोळ्यांची गुंगी, यांनीही माणूस असं बसून राहतं, ते तपासून घ्या. त्यावर सविस्तर बोलायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. आज संध्याकाळी परात घेऊन बसा त्यांच्याजवळ. मटार नसतील तर लसूण चालेल.