भिंत पडली, अंगणाचा काय दोष?



औशातील जुन्या वाड्यात आमचे बालपण गेले. मध्ये चौक, चौकात तुळशीवृंदावन, वर मोकळे आकाश. वैशाखातही दुपारी ओसरीवर सुखाने निजता येई. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच तालुक्यातील किल्लारी हादरली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो बळी गेले. त्या धसक्याने आपण सर्वांनी माळवद सोडले, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर चौक आणि दारचा कडुनिंबही सोडला! जीव घेतले ते भिंतींनी. अंगणाने कोणाचे काय बिघडविले होते?

रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली अमेरिकेतील एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत, ते रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. तीव्र वेदनाशामकेही त्यांना कमी लागली. (आमच्या आजीस हे सांगितले असते, तर ती हसली असती.)

आम्ही नुकतेच घर बांधले. स्लॅबचे, भिंतींत सळयांचे पट्टे घातलेले. चौकाने जागा वाया जाते, असे गवंड्याचे म्हणणे पडले. आम्ही हट्टाने दहा फूट चौक राखला आणि मातोश्रींची खाट त्याच्यासमोर मांडली.