ऋण आणि कर्तृत्व
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात झालेले भाषण)



पारितोषिक-विजेत्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून मी आज एका इंग्रज उद्योजकाची हकीकत सांगणार आहे. त्याची उमेदवारी संगणकावरील खेळ रचण्यात गेली, म्हणून पालकांनी आधीच नाक मुरडू नये, एवढीच प्रार्थना.

१९८१च्या अखेरीस बी.बी.सी.च्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी केंब्रिजच्या अॅकॉर्न कंपनीने एक यंत्र बाजारात आणले. ते तेथील शाळाशाळांतून पोहोचले. कळ दाबताच ते धन्याच्या आज्ञेची वाट पाहत उभे राही. याच यंत्रावर जीझस कॉलेजातील डेव्हिड ब्रेबन व इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' नावाचा अंतराळ-व्यापाराचा खेळ रचला.

यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलवरील एक छायाचित्रही तीत मावणार नाही. तरीही या तरुणांनी तीत ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसविले. ते कसे? त्यांनी ग्रहांची यादी साठविलीच नाही. काही मूळ अंक घेतले आणि आधीच्या अंकांच्या बेरजेतून पुढचे अंक काढण्याची रीत बसविली. त्या अंकांतून ग्रहाचे नाव, स्थान व व्यापार निश्चित होई. पाढे पाठ नसले तरी गुणाकाराची रीत जाणणाऱ्याचे अडत नाही, तसेच हे.

एका मोठ्या प्रकाशकाने हा खेळ नाकारला. त्याला दहा मिनिटांत संपणारा खेळ हवा होता. अखेर सप्टेंबर १९८४ मध्ये अॅकॉर्नसॉफ्टने तो प्रसिद्ध केला व तो गाजला. १९९४ मध्ये ब्रेबन यांनी स्वतःची 'फ्रंटियर' कंपनी काढली. २०१२-१३ मध्ये 'एलिट'च्या नव्या अवतारासाठी पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी पंधरा लाख पौंडांवर वर्गणी दिली.

परंतु मला अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. मुले संगणक वापरतात, पण त्याला आज्ञा लिहिणे विसरत चालली आहेत, हे काही जाणकारांना खटकले. २००९ मध्ये त्यांनी 'रास्पबेरी पाय' हा धर्मादाय न्यास स्थापिला. ब्रेबन त्याच्या संस्थापक विश्वस्तांपैकी एक. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांचा तळहाताएवढा संगणक ३५ डॉलरांना विक्रीस आला. ज्या पिढीच्या हाती समाजाने यंत्र दिले, तिनेच ते पुढच्या पिढीच्या हाती ठेवले. ऋणमुक्ती याहून निराळी ती कोणती?

बंधुभगिनींनो, माझ्या मुलाने घरचा संगणक खोलून ठेवला तेव्हा मी त्याला रागे भरलो. त्याने पुन्हा त्याला हात लावला नाही. ती चूक मला आजही टोचते.

आपला निधी फी आणि पुस्तके देतो, ते उचितच आहे. त्याच्या जोडीला कार्यालयातील एक खोली, असे चार-सहा स्वस्त संगणक आणि संध्याकाळी शिकविणारा एक जाणकार, एवढी सोय यंदा करावी, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. पहिली वर्गणी मी आजच देत आहे. यंत्र बिघडले तर बिघडू द्या. मुलांचा हात थांबवू नका.