वणव्याने शिकविलेले कर्तव्य

(कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



सप्टेंबर २०१८ मध्ये आम्ही उभयता कॅलिफोर्नियात मुलीकडे होतो. तेथून मोटारीने पोर्टलंडला, माझ्या थोरल्या बहिणीकडे जायचे ठरले होते. अकरा वर्षांनी भेट होणार होती. परंतु ५ सप्टेंबरला रेडिंग शहराच्या उत्तरेस वणवा भडकला आणि पाच क्रमांकाचा महामार्ग बंद झाला. कित्येक चालकांनी मालमोटारी रस्त्यातच सोडून प्राण वाचविले.

आडवाटेने जाता आले असते. जावई तयारही होते. पण त्याच वाटांवर संकटात सापडलेल्यांची आणि अग्निशमन दलाची वाहने होती. आपल्या भेटीसाठी त्यांची वाट अडवायची काय? आम्ही परतलो. ताई दूरध्वनीवर एवढेच म्हणाली, "योग्य केलेस." ती भेट पुढे झालीच नाही.

आग लागल्यावर वाट सोडणे हे एक कर्तव्य. ठिणगी पडू न देणे हे त्याहून आधीचे. त्याच रेडिंगजवळ जुलैमध्ये एका ट्रेलरचे चाक पंक्चर झाले, रिम रस्त्यावर घासली, ठिणग्या उडाल्या आणि सुमारे २ लाख ३० हजार एकर भूमी होरपळली. तो अपघात होता. आपल्या सह्याद्रीत मात्र गवत चांगले यावे म्हणून डोंगर हेतुपुरस्सर पेटविले जातात. देवराया राखणाऱ्या समाजाला हे शोभते काय?

होळीपूर्वी वनखात्याच्या अनुमतीने आपापल्या डोंगरावर जाळरेषा काढण्यासाठी प्रत्येक कुटुंबाने एक दिवस द्यावा. भूमीला माता म्हणणाऱ्यांचे ते पहिले पूजन ठरेल.