हमीपत्राची मुदत कोणावर बंधनकारक?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



आमच्या वस्तीतील अभ्यासिकेने लोकवर्गणीतून एक संगणक घेतला. आठव्या महिन्यात तो बंद पडला. हमी वर्षाची होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. सेवा केंद्राने संगणक ठेवून घेतला, पावती दिली आणि ‘मदरबोर्ड मागवला आहे’ असे सांगितले. हेच उत्तर आम्ही नऊ आठवडे ऐकले. तोवर परीक्षांचे अर्ज भरण्यासाठी मुले सायबर कॅफेत पैसे मोजत होती. हमीचे वर्ष मात्र थांबले नव्हते. प्रतीक्षेचे आठवडेही त्यातूनच वजा झाले.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० च्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. या विषमतेवरील एक उपाय म्हणून त्यांनी हमीचा निर्देश केला. हमीमुळे जोखीम विक्रेत्याकडे जाते. व्यवहारात मात्र ती अर्धीच जाते. सुट्या भागाचा खर्च उत्पादक सोसतो, प्रतीक्षेचा खर्च ग्राहक. सुट्या भागांचा साठा ठेवला तर भांडवल अडकते. उत्पादक ते वाचवतो आणि त्या बचतीची किंमत आपल्या वेळातून वसूल होते. खिडकीपाशी बसलेल्या तरुणावर संतापून काय साधणार? साठ्याचा निर्णय त्याच्या हाती नसतो.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. सदोष सेवेविरुद्ध जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकिलाची सक्तीही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळही सुरू केले. तथापि हमीतील दुरुस्ती किती दिवसांत व्हावी, याची निश्चित मर्यादा या कायद्यात नाही. मुदत ग्राहकाला आहे, उत्पादकाला नाही. खरा अन्याय येथे आहे.

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात : दुरुस्तीची कालमर्यादा हमीपत्रावरच छापावी, प्रतीक्षेचे दिवस हमीत वाढवून द्यावेत, मर्यादा उलटल्यास पर्यायी यंत्र द्यावे.

एकट्याच्या तक्रारीला ‘भाग मागवला आहे’ हे उत्तर पुरते. शंभर पावत्या एकत्र आल्या की ते पुरत नाही. प्रत्येकाने आपल्या वस्तीतील अशा पावत्या, तारखांसह, गोळा कराव्यात. कामाचा आरंभ तेथूनच होईल.