दामाजीपंतांची पावती

मायबापहो, मंगळवेढ्याचे दामाजीपंत तुम्हाला माहीत नाहीत असं नाही. पंढरीची वारी झाली की पाय तिकडे वळवतोच आपण. दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची कोठारं उघडली, भुकेल्यांना धान्य वाटलं, आणि बेदरच्या दरबारातून त्यांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. मग आमचा पांडुरंग विठू महार झाला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मोहरांची थैली घेऊन दरबारात उभा राहिला, सगळा हिशेब चुकता केला आणि पावती घेऊन परतला. ती पावती पंतांना पोथीत सापडली. इथपर्यंत कथा सगळ्यांना पाठ आहे. ऐकताना डोळे भरतात. पण डोळे पुसता पुसता एक गोष्ट नजरेतून सुटते, ती म्हणजे ही पावती.

देवाला पावती कशाला हवी होती हो? बादशहाची बुद्धी फिरवणं त्याला अवघड होतं का? पण त्यानं तसं केलं नाही. त्यानं पैसे मोजून दिले. म्हणजे भुकेल्याच्या पोटात गेलेला दाणा आभाळातून पडत नाही, कुणीतरी त्याचं मोल भरावंच लागतं, हे देवानंही मानलं. आणि दुसरी गोष्ट बघा. ज्यांनी धान्य खाल्लं, त्यांच्या दारात वसुलीला तो गेला नाही. यातला आळशी कोण, खरा गरजू कोण, असं विचारत फिरला नाही. ज्याच्याकडे होतं त्यानं भरलं. तो तर साक्षात लक्ष्मीचा पती! त्याच्याहून श्रीमंत कोण? आणि एवढ्या श्रीमंतानं पैसे भरायला जाताना रूप कुणाचं घेतलं? गावानं ज्याला वेशीबाहेर ठेवलं होतं, त्याचं.

आता पारावर या. तिथं काय बोलणं चाललेलं असतं? "फुकटच्या रेशननं लोक माजले. पाच किलो धान्य घरात येतंय, शेतावर कोण येणार?" अहो, महिन्याला माणशी पाच किलो! दोन वेळच्या भाकरीचा हिशेब घरातल्या माउलीला विचारा, किती दिवस पुरतं ते. आणि नुसतं धान्य खाता येतं का? मीठ, तेल, औषध, पोराची वही कुठून येते? पाच किलोवर माजणारा माणूस मला एकदा दाखवा, मी त्याच्या पाया पडेन. मजूर येत नाही याचं खरं कारण मजुरीच्या आकड्यात असतं, आणि तो आकडा पारावर कुणी काढत नाही.

हेच बोलणारे आपले बागायतदार बंधू कर्जमाफीची यादी लागली की पहाटे उठून नाव बघतात. बघावं, त्यात गैर काही नाही. शेतकरी खचला तर सरकारनं हात द्यायलाच हवा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तेही असू द्या, कोरडवाहूवाल्याला तो परवडणारही नाही. पण आपल्याला मिळालं तो हक्क, आणि भूमिहीनाला मिळालं ती खैरात, असा न्याय पांडुरंगाच्या दरबारात चालत नाही बरं का.

आपल्या जुन्या माणसांना 72 चा दुष्काळ आठवतो. विहिरी आटल्या, दावणीची जनावरं विकली, माणसं खडी फोडायला गेली. सुकडी खाल्ली, लाल मिलो खाल्ला. 1973 च्या उन्हाळ्यात 50 लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती. बोटं फुटली, पण कुणाच्या दारात हात पसरला नाही. त्या काळात विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम, हा विचार त्यांनी लावून धरला. आपल्या गावी आधी प्रयोग करून पाहिला, मग राज्याच्या गळी उतरवला. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पुढं 2005 साली दिल्लीनं साऱ्या देशासाठी त्याच वाटेचा कायदा केला.

पण पैसा कुठून आणला? इथं कान द्या. 1975 साली महाराष्ट्रानं व्यवसाय कर बसवला. शहरातला नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून थोडं थोडं घ्यायचं, तेवढीच भर सरकारनं घालायची, आणि खेड्यातल्या रिकाम्या हाताला काम द्यायचं. तुमच्या मुलाच्या पगाराच्या कागदावर आजही ती कपात दिसेल. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. मुलगा कुरकुरतो, "हे कसले कापतात?" त्याला सांगा, बाळा, तुझ्या आजीनं खडी फोडली होती, त्यातून हे निघालं आहे.

गंमत अशी, की पगार तीस हजार असो नाहीतर तीस लाख, या करात 2500 च्या वर घेता येत नाही. घटनेतली ती मर्यादा 1988 पासून जागची हललेली नाही. संपत्तीकर 1957 साली आला, 2015 साली गेला. वसुली थोडी आणि खटाटोप फार, असं सांगितलं गेलं. त्याऐवजी कोटीच्या वर कमावणाऱ्यांवर अधिभार वाढवला, हेही खरं. पण पाच किलोवाला कर भरत नाही असं मात्र म्हणू नका. मोबाईलच्या रिचार्जवर 18 टक्के शेठजी भरतात, त्यांची मोलकरीणही भरते. शेठजींना ते कळतही नाही. तिला कळतं.

काही सज्जन भेटतात. मंदिराला चांदीची प्रभावळ देतात, सप्ताहाला पंगत घालतात, फार मोठ्या मनाचे. आणि दुकानात दोन वह्या, एक कच्ची, एक पक्की. विचारलं तर म्हणतात, "महाराज, कर भरून काय उपयोग? त्यापेक्षा दान केलेलं बरं." दान करा, मी नको कशाला म्हणू, कीर्तनकार पंगतीलाच जेवतो! पण प्रभावळीवर नाव कोरलेलं असतं. पंगतीत वाढताना घेणाऱ्याची मान खाली असते. कराच्या पैशावर नाव नसतं. कुणाच्या ताटात गेला ते भरणाऱ्याला कळत नाही, कुणी दिला ते खाणाऱ्याला कळत नाही. आपण गुप्तदान म्हणतो ते याहून वेगळं काय असतं? तुकोबारायांच्या घरात महाजनकी होती. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, तेव्हा एकेक ऋणको बोलावून त्याच्याकडून नमस्कार घेतला नाही.

मधले खातात, हे मला ठाऊक आहे. खोट्या हजेरीपटांवर मेलेल्या माणसांनी खडी फोडल्याचं लिहिलेलं असतं. रेशनचं पोतं मागच्या दारानं जातं. त्याला धरा, ग्रामसभेत उभे राहून हिशेब मागा. दामाजीपंतांकडे पावती होती, तशी सरपंचाकडेही मागा. पण खाणारा एक आणि शिक्षा भुकेल्याला, असं करू नका.

आणि आपण वारकरी तरी कोण मोठे स्वावलंबी? आळंदीपासून पंढरीपर्यंत गावोगाव आपल्याला लोक जेवू घालतात. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, दवाखान्याची गाडी, बंदोबस्ताचे पोलीस, सगळं सरकारी खर्चानं चालतं. कुणी तुम्हाला फुकटे म्हणालं का? माउली म्हणतात, पाया पडतात. उद्या मुक्कामाला टँकरपुढं रांगेत उभे राहाल, तेव्हा पुढं बिनटाळेचा, बिनमाळेचा कुणी भुकेला शिरला तर त्याला आधी भरू द्या. आता टाळ घ्या, भजन करू. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!