बंद दाराआड साक्षीदार कुठला?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



एम.एस.डब्ल्यू. करताना मी कायदा शिकले. कोर्ट मात्र एका बाईनं शिकवलं. नवरा गळा दाबत होता, तिनं हाताला लागलेला वरवंटा त्याच्या डोक्यात घातला. तो मेला. घरात दोघंच. वकील म्हणाला, "मला काही माहीत नाही, एवढंच सांग." तिनं तेच सांगितलं आणि तिथंच फसली.

स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी दंडसंहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. जिवाची, जबर दुखापतीची, बलात्काराची रास्त भीती असेल, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही. पण हे दाखवायचं आरोपीनं. इथं बायका हबकतात. कुणी पाहिलंच नाही, तर दाखवू कसं?

सरकार पक्षाला गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. तिचं म्हणणं मात्र अधिक संभवनीय वाटलं तरी पुरतं. १९६७ साली मुन्शी राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं. शिवाय आरोपीनं हा बचाव घेतला नसला, तरी पुराव्यातून दिसत असेल तर कोर्टाला तो विचारात घेता येतो, असंही. १९७६ च्या लक्ष्मी सिंग खटल्यात आरोपीच्या जखमांचा खुलासा न करणं सरकार पक्षाला भोवलं.

म्हणजे बाईचं अंगच साक्षीदार. पण वळ चार दिवसांत उतरतात. या बाईच्या गळ्यावरचे नखांचे ओरखडे कुणी लिहूनच घेतले नाहीत. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी, तीही महिला डॉक्टरकडून किंवा तिच्या देखरेखीखाली, हा तिचा हक्क आहे. पहिल्याच दिवशी ठाण्यात जा. सगळ्या जखमा कागदावर आल्या का, फाटलेलं पोलकं पंचनाम्यात आलं का, बघा. शेजारणीनं पाहिलं नसेल, ओरडणं तरी ऐकलं असेल. आणि आपल्या केंद्राच्या नोंदवहीत तारखा घालत जा हो! मीही कंटाळा केलाय.

नवरा झोपलेला असताना घाव घातला, तर कोर्ट विचारतं, त्या क्षणी धोका कुठला होता? वर्षानुवर्षांचा मार त्या क्षणात मावत नाही. त्यावर माझ्याकडे तोड नाही.

या बाईचं अपील करायचंय. दवाखान्यातले तिचे जुने केसपेपर मिळालेत. तीन तारखा आहेत, आणि तिन्हींपुढे लिहिलंय, 'पडून लागले'.